उलाढाल २८ लाख, जीएसटी नंबर आपणहून घ्यावा का?

वायरवाला (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १०.५२

शटर ओढून, गल्ला मोजून लिहायला बसलोय. तासगावात इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. वायर, केबल, स्विच, होल्डर, एमसीबी, पंखे. नऊ वर्षं झाली. विक्री वर्षाला २८ लाखांच्या आसपास. नुसत्या मालाच्या विक्रीला ४० लाखांपर्यंत नंबर लागत नाही, म्हणून आजवर घेतला नाही. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, घर बांधणारे आणि गावातले वायरमन. बागेतला स्टार्टर जळला की रात्री दहालाही शटर वाजतं. यातल्या कुणीही मला जीएसटीचं बिल मागितलेलं नाही.

आता एक कॉन्ट्रॅक्टर आलाय. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची वायरिंगची कामं घेतो. वर्षाला सहा-सात लाखांचा माल माझ्याकडूनच उचलीन म्हणतो, पैसे पंधरा दिवसांत. फक्त बिल जीएसटीचं पाहिजे. मी म्हटलं नंबर नाही. तर म्हणाला, "मग कुणाच्यातरी नावाचं आणून द्या की. मला बिलाशी मतलब."

दोन मित्रांना विचारलं. एक म्हणतो घेऊन टाक, धंदा वाढेल. दुसरा म्हणतो त्या फंदात पडू नको, एकदा आत गेलास की बाहेर येणं नाही. इथं कुणी मर्यादेच्या आत असताना नंबर घेतलाय का? पस्तावलात का?

खटपट्या · सोमवार, रात्री ११.१५

भाऊ, एवढा विचार कशाला? नंबरवाला एखादा ओळखीचा दुकानदार धर, त्याला दोन टक्के दे, तो बिल फाडेल. माल तुझा, बिल त्याचं. सगळीकडे हेच चालतं. नाहीतर वहिनींच्या नावावर दुसरी फर्म काढ, त्या फर्मला नंबर घे, कॉन्ट्रॅक्टरचा माल तिथून दाखव. तुझं दुकान आहे तसंच राहील.

हिशेबनीस · मंगळवार, सकाळी ७.०५

कोल्हापुरात जीएसटी रिटर्नचंच काम करतो, म्हणून सकाळी सकाळी लिहितोय. खटपट्यांनी सांगितलेला पहिला मार्ग डोक्यातून काढून टाका. माल एकाचा आणि बिल दुसऱ्याचं, याला कायद्यात बोगस बिल म्हणतात. दंड १०,००० रुपये किंवा कराची रक्कम, यात जे जास्त असेल ते. बिल फाडणारा अडकतो, कॉन्ट्रॅक्टरचा सेटऑफ, म्हणजे खरेदीवर दिलेला कर वजा करून घ्यायची सोय, जातो आणि चौकशीत पहिलं नाव निघतं ते माल पोचवणाऱ्याचं. दोन टक्क्यांत भागतं असं सांगणारा माणूस पुढं नोटीस आली की फोन उचलत नाही.

दुसरा मार्ग बेकायदा नाही. बायकोचा पॅन वेगळा, धंदा वेगळा, खरेदी वेगळी, बँक वेगळी, माल वेगळा ठेवलेला, असं सगळं खरोखर असेल तर ती वेगळी फर्म. पण एकाच काउंटरवर, एकाच रॅकमधली वायर सकाळी तुमची आणि दुपारी वहिनींची, हे कुणाला पटवणार?

आता मूळ प्रश्नाकडे. लोक विचारतात "माझी उलाढाल किती, मग नंबर घ्यावा का?" मी उलटं विचारतो, तुमचा माल शेवटी कोण घेतं? ज्याला कराचा सेटऑफ मिळतो तो, की ज्याला मिळत नाही तो? तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून आकडा मांडूनच बघू. इलेक्ट्रिकच्या या मालाला सगळीकडे १८ टक्के धरू.

समजा एक वस्तू तुम्ही १०० अधिक १८ कर, म्हणजे ११८ला आणता आणि १४०ला विकता. आज तुम्हाला सुटतात २२ रुपये. नंबर घेतलात आणि शेतकऱ्याला तीच वस्तू १४०लाच दिलीत, तर त्या १४०मध्ये कर आला २१.३६. खरेदीवर दिलेले १८ वजा केलेत की सरकारला भरायचे ३.३६. तुमच्या हातात १८.६४. म्हणजे नगामागे ३.३६ गेले. तुमची २८ लाखांची विक्री म्हणजे असे २०,००० नग. वर्षाला ६७ हजारांचा खड्डा, आणि गिऱ्हाईकाला काडीचा फायदा नाही.

तीच वस्तू कॉन्ट्रॅक्टरला द्यायची. आज तुमच्याकडून घेतली तर त्याला ती १४०ला पडते, कारण तुमच्या भावात मुरलेले १८ रुपये कुणालाच परत मिळत नाहीत. नंबर असेल तर तुम्ही लावाल १२२ अधिक १८ टक्के, एकूण १४३.९६. तुम्हाला सुटतात तेच २२. आणि त्याला २१.९६चा सेटऑफ मिळाला की वस्तू पडते १२२ला. १४०ची वस्तू १२२ला! तो बिलासाठी का अडून बसलाय ते आता कळेल. हट्ट नाही तो, त्याचा हिशेब आहे.

आता जोडा. ६७ हजारांचा खड्डा, त्यात माझ्यासारख्याची फी वर्षाला पंधरा-एक हजार. ८२ हजार भरून निघायला १२२मागे २२ या दराने साडेचार लाखांचा नवा माल विकला पाहिजे. कॉन्ट्रॅक्टर खरंच सहा-सात लाखांचा नेत असेल तर घ्या. तीन लाखांवर थांबणार असेल तर घेऊ नका.

जुना व्हॅटवाला · मंगळवार, सकाळी ९.४०

वा हिशेबनीस, फळ्यावर लिहिल्यासारखं समजावलंत.

मी पुण्यात बोहरी आळीत पस्तीस वर्षं हार्डवेअर विकलं, आता मुलगा बसतो. विक्रीकर पाहिला, जकात पाहिली, व्हॅट, मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, मग हे. प्रत्येक वेळी कुणीतरी सांगत आलं की आता छोटा दुकानदार संपला. एलबीटीच्या वेळी तर बंद पुकारून रस्त्यावर बसलो होतो आम्ही. असो.

एक शंका. तो ३.३६चा खड्डा खरंच पडतो का? तासगावातली मोठी दुकानं नंबरवाली असणारच. ती ज्या भावाला देतात त्यात त्यांचा कर धरलेला आहे, आणि वायरवाला त्याच भावाला विकतोय. म्हणजे इतकी वर्षं हे ३.३६ त्याला जादा सुटत होते, एवढंच! शिवाय १४०चे १४४ केले की हिशेब जागेवर येतो. स्विचच्या पाकिटावर छापील किंमत असते, दुकानदार तिच्यावर सूट देतो. सूट थोडी आवरती घ्यायची, झालं.

वायरवाला · मंगळवार, दुपारी २.१०

काका, भाव वाढवणं शेतकऱ्याला चालेल, वायरमनला नाही. त्याला नव्वद मीटरच्या गुंडाळीचा भाव सांगलीपासून विट्यापर्यंतच्या दुकानांतला पाठ असतो. गुंडाळीमागे वीस रुपये चढवले की पुढच्या चौकात जातो, आणि एक वायरमन गेला की त्याच्यामागची पाच घरं जातात. सुट्या मालावर जमेल. काउंटरच्या कडेला मीटर-मीटरवर खिळे ठोकलेत, त्यावर वायर मोजून देतो. तिथं एक-दोन रुपयांनी कुणी हलत नाही.

हिशेबनीस सर, मनापासून आभार. एक विचारतो. ते कंपोझिशन का काय, एक टक्क्याचं, ते घेतलं तर? आणि तीस रुपयांच्या होल्डरलाही बिल करत बसायचं का?

हिशेबनीस · मंगळवार, दुपारी ३.३०

कंपोझिशन तुमच्या कामाचं नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला विक्रीच्या १ टक्का भरून मोकळं होता येतं, दर तिमाहीला एक चलन आणि वर्षाला एक रिटर्न. ज्याची विक्री ४० लाखांच्या वर आहे आणि गिऱ्हाईक सगळं काउंटरवरचं, त्याला फार सोयीचं. पण त्यात बिलावर कर लावता येत नाही, बिलावर तसं लिहावंही लागतं. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला सेटऑफ शून्य. तुम्ही २८ हजार भरणार आणि ज्याच्यासाठी भरलेत तो तरीही दुसऱ्या दुकानात जाणार.

होल्डरचं म्हणाल, तर २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला, गिऱ्हाईक बिनानंबरचं असेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर वेगळं बिल लागत नाही. दिवसअखेर सगळ्याचं मिळून एक करायचं.

चिंचोके · मंगळवार, सायंकाळी ६.२५

सगळे आकडे बरोबर असतील, पण कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी, म्हणून लॉगिन केलं.

लातूरला तयार कपड्यांचं दुकान. जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा मर्यादा २० लाख होती, माझी विक्री १४ लाख. गरज नव्हती. पण बाजारात अशी हवा झाली होती की नंबर नसेल तर होलसेलर मालच देणार नाही. घाबरून घेतला. कुणीही जबरदस्ती केली नव्हती, माझी मीच केली.

रिटर्न भरायला एकाला लावलं होतं. पहिले काही महिने भरले. मग त्याचं लग्न, मग त्याची बदलीची नोकरी, मग फोन बंद. मला वाटलं भरतोय. ऑक्टोबर २०१८मध्ये दुसऱ्याला दाखवलं तर जानेवारीपासूनची रिटर्न भरलेलीच नव्हती. दिवसाला ५० रुपये लेट फी, एका रिटर्नला १० हजारांपर्यंत चढायची. सगळ्यांची मिळून ४० हजारांच्या वर गेली. कर वेगळा, त्यावर १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. माझा त्या वर्षीचा मूळ करसुद्धा एवढा नव्हता हो.

पैसे भरले आणि दोन-तीन महिन्यांत सरकारने जाहीर केलं की त्या काळातली राहिलेली रिटर्न मार्चअखेरपर्यंत भरा, लेट फी माफ. ज्यांनी आधीच भरली होती त्यांना परत काही नाही. आमच्या हिने त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि आठ दिवस लावला नाही.

मग नंबर रद्द करून घेतला. तिथंही गंमत. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं एक रिटर्न भरायचं असतं हे मला कुणी सांगितलं नाही. त्याची नोटीस आली. शिवाय शिल्लक मालावर घेतलेला सेटऑफ परत करावा लागला.

आज विक्री २२ लाख आहे, नंबर नाही, रात्री झोप लागते. वायरवाले भाऊ, आकडा मांडलात तसं हेही मांडा की दर महिन्याला ते बघणार कोण? तुम्ही? रात्री दहाला शटर उघडणारे?

फराळताई · मंगळवार, रात्री ९.०५

चिंचोके दादा, वाचून वाईट वाटलं. पण मला "आपणहून" या शब्दाचंच हसू येतंय, कारण माझ्यासारखीला आपणहून वगैरे काही नसतं.

ठाण्याला घरूनच फराळाचं करते. वर्षाला ११ लाख, त्यातले निम्मे दिवाळीच्या पाच आठवड्यांत. मला वाटत होतं की ४० लाख खूप लांब आहेत. मग बेंगळुरूच्या एका ताईंनी चकलीची दहा पाकिटं मागवली, मग त्यांच्या सोसायटीने पन्नास. कुरियरवाला काही विचारत नाही, पत्ता लिहिला की गेलं. वर्षभरानं नणंदेच्या मिस्टरांनी सांगितलं की माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नंबर लागतो, उलाढाल किती हा प्रश्नच नाही. सेवा देणाऱ्यांना यात सवलत आहे, म्हणजे क्लास घेणारी बाई गोव्याच्या मुलीला ऑनलाइन शिकवत असेल तर २० लाखांपर्यंत चालतं. पण चकलीला नाही. घेतला मग नंबर.

आता सवय झाली. चिवडा-चकलीच्या पाकिटावर १२ टक्के होते ते २२ सप्टेंबर २०२५पासून ५ झाले, त्यामुळे गेली दिवाळी जरा बरी गेली. पण खरं सांगू? सगळ्यात जड काय जातं, तर प्रत्येक तेलाच्या डब्याचं, प्रत्येक खोक्याचं बिल जपून ठेवणं. माझ्या स्वयंपाकघरात हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी बिलांची फाइल आहे.

सीमाभागी · मंगळवार, रात्री १०.३०

फराळताईंचं बेंगळुरू तरी लांब आहे. मी निपाणीचा, रंगाचं दुकान. कागल अर्ध्या तासावर. माझी निम्मी पाव्हणेमंडळी तिकडंच. पण टेम्पोत चार डबे घालून कागलला पोचवले की ती परराज्यातली विक्री झाली, घ्या नंबर! पुण्याचा माणूस माल नागपूरला पाठवतो ते राज्यातल्या राज्यात, आणि आमचं मामाच्या गावाला दिलेलं आंतरराज्य.

वायरवाले, माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही म्हणता २८ लाख. कशावरून? आमच्या कर्नाटकात जुलै २०२५मध्ये काय झालं ते आठवा. कर खात्याने यूपीआयचे आकडे काढले आणि चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले अशांना नोटिसा गेल्या, त्याही मागच्या काही वर्षांच्या धरून. दुकानादुकानातून क्यूआर कोड उतरले, "फक्त रोख"च्या पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्र्यांना दुकानदारांबरोबर बसावं लागलं. त्यात कितीतरी जणांचा माल मुळात करमाफ होता, कुणाच्या खात्यात भावाने पाठवलेले पैसे होते. पण हे सांगायला वही लागते. वही नसेल तर बँकेचा आकडा म्हणजेच तुमची विक्री.

वायरवाला · बुधवार, रात्री ११.४०

सीमाभागी, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात घोळला. खरं सांगायचं तर २८चा आकडा मी बँकेत आलेल्या आणि गल्ल्यात मोजलेल्या पैशांवरून धरला होता. आज दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा तिन्ही वह्या काढल्या. रोजकीर्द, वायरमनांची वही आणि उधारीची लाल वही. बायको आकडे सांगत होती, मी कॅल्क्युलेटरवर घेत होतो. दोनदा केलं.

३३ लाख ६० हजार.

उधारीच्या वहीत साडेपाच लाखांच्या वर माल गेलाय. द्राक्षाचे पैसे आले की देतो म्हणणारे. काहींचे दोन-दोन हंगाम झाले. मी तो आकडा कधी विक्रीत धरलाच नव्हता, कारण पैसे आलेच नाहीत ना.

हिशेबनीस सर, उधारी धरायची का?

हिशेबनीस · गुरुवार, सकाळी ६.५०

धरायची. माल दिला तेव्हा विक्री झाली, पैसे कधी येतात याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि नंबर घेतल्यावर तर हे आणखी टोचेल, कारण उधारीवर दिलेल्या मालाचा करही त्याच वेळी भरावा लागतो. गिऱ्हाईकाने द्राक्षं विकली नाहीत म्हणून सरकार थांबत नाही.

पण आता तुमच्या धाग्याचं शीर्षकच बदललं की हो. ३३.६० आणि कॉन्ट्रॅक्टरचे सहा-सात मिळवा. वर्षअखेरीला ४०च्या काठावर येणार किंवा ते ओलांडणार. ओलांडल्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करावाच लागतो. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला हो म्हटलंत, की "घ्यावा का" हा प्रश्न संपला. उरतो तो "आत्ता की वर्षअखेरीला". आणि त्याला तर बिल पहिल्या दिवसापासून हवंय.

परवाचा माझा आकडाही सुधारून घ्या. विक्री ३३.६० लाख असेल तर खड्डा ६७ नाही, ८० हजारांचा. फी धरून सव्वापाच लाखांच्या आसपास नवा माल गेला पाहिजे. सहा लाखांत ते निसटतं बसतं. आणि नाहीच म्हणालात, तरी ३३ला आलाय, दोन-तीन वर्षांत ४०ला जालच. वायरचे भाव वाढले तरी पोचाल.

खटपट्या · गुरुवार, सकाळी ८.२०

किंवा उधारी बंद करा. 😀

वायरवाला · गुरुवार, सकाळी ८.३५

तासगावात राहायचंय मला.

चिंचोके · गुरुवार, दुपारी १२.१५

माझा विरोध मागे घेतो असं नाही, पण ३३ लाखांवर मीही घेतला असता. एकच विनंती. रिटर्न दुसरा भरत असला तरी पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल स्वतःचा ठेवा. माझ्या वेळी दोन्ही त्याचे होते. नंबर माझा, दुकान माझं, आणि पोर्टलवर आत जायला मला त्याच्या दारात उभं राहायला लागायचं.

हिशेबनीस · गुरुवार, दुपारी १.००

चिंचोके साहेब, शंभर टक्के. माझ्या धंद्यातले लोक नाराज होतील, पण हे बरोबर आहे. लेट फीला आता जरा लगाम आहे, नील, म्हणजे काहीच व्यवहार नसलेल्या रिटर्नला जास्तीत जास्त ५०० आणि दीड कोटीच्या आतल्यांना एका रिटर्नमागे २,०००. तुम्हाला बसला तसा तडाखा आता बसत नाही.

वायरवाले, घेणार असाल तर थोडं आधीच सांगून ठेवतो.

अर्जाला सरकारी फी शून्य आहे. "नंबर काढून देतो, सरकारी फी इतकी" असं कुणी म्हणालं तर ती त्याची स्वतःची फी. नोव्हेंबर २०२५पासून छोट्यांसाठी वेगळा सोपा मार्ग आहे. ज्यांचा नंबरवाल्या गिऱ्हाईकांना लावलेला कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार, त्यांना आधारची पडताळणी झाली की तीन कामाच्या दिवसांत नंबर मिळतो. तुम्ही त्यात आरामात बसता.

दुकान भाड्याचं असेल तर मालकाचा करार आणि लाइट बिल लागेल. आणि इथंच एक काटा आहे. मालकाला स्वतःचा नंबर नसेल, तर दुकानाच्या भाड्यावरचे १८ टक्के तुम्ही भरायचे. ऑक्टोबर २०२४पासून तसा नियम आहे. भाडं ९,००० असेल तर महिन्याला १,६२० रोख भरायचे, आणि तेवढाच सेटऑफ घ्यायचा. नुकसान नाही, पण पहिल्या महिन्यात खिशातून जातात, आणि ज्याला हे माहीत नसतं त्याला दोन वर्षांनी व्याजासकट कळतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रॅकवरचा माल. नंबर मिळायच्या आदल्या दिवशी दुकानात जो माल शिल्लक असेल, त्याच्या खरेदीवर दिलेला कर तुम्हाला मिळू शकतो. अट अशी की पक्कं बिल पाहिजे आणि ते एक वर्षाच्या आतलं पाहिजे. फॉर्म ३० दिवसांत भरायचा. दोन लाखांच्या वर मागणार असाल तर सीएचा दाखला, नाहीतर नाही. ही रक्कम लोक सोडून देतात, कारण नंबर मिळाल्याच्या आनंदात महिना निघून जातो. म्हणून आधी माल मोजा, बिलं लावा आणि मगच अर्ज करा.

आणि तिमाही रिटर्नची सोय घेतलीत तरी कॉन्ट्रॅक्टरची बिलं दर महिन्याच्या १३ तारखेपर्यंत पोर्टलवर चढवा. ती चढली नाहीत तर त्याच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या त्याच्या सेटऑफच्या यादीत, दिसत नाहीत, दिसली नाहीत तर त्याला सेटऑफ नाही, आणि सेटऑफ नाही तर तुमचं पेमेंट थांबलं. १४ तारखेला त्याचा फोन येतो की नाही बघा.

जुना व्हॅटवाला · गुरुवार, सायंकाळी ५.४५

हेच मी मुलाला सांगतो. पूर्वी गिऱ्हाईक मालाच्या दर्जावरून भांडायचं, आता २बी वरून भांडतं. मागच्या महिन्यात आमच्या एका होलसेलरने रिटर्न भरलं नाही, आमचे १९ हजार लटकले. माणूस चांगला, माल चांगला, रोज फोनवर "उद्या भरतो" म्हणतो. वायरवाले, नंबर घेतलात की माल कुणाकडून आणता हेही नव्याने बघावं लागेल. मुंबईच्या लोहार चाळीतून स्वस्तात, कच्च्या चिठ्ठीवर आणलेला माल उद्यापासून महाग पडणार. भरायचा कर पूर्ण आणि वजा करायला काही नाही.

फराळताई · गुरुवार, रात्री ८.१०

वर्षाला २,५००चा व्यवसाय करही येतो पाठोपाठ. तो कुणी सांगितला नाही म्हणून सांगते.

वायरवाला · सहा आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४.२०

उशिरा लिहितोय, माफ करा. नंबर घेतला.

आधी दोन रविवार माल मोजण्यात गेले. मी, बायको आणि भाचा. वरच्या फळीवर २०१९चे फ्यूजचे दोन खोके निघाले, आता ते कुणी विचारतही नाही. साधारण पाच लाखांचा माल भरला. त्यातल्या तीन लाखांच्या आत-बाहेरचीच वर्षभरातली पक्की बिलं सापडली. काही पुण्याच्या तापकीर गल्लीतून चिठ्ठीवर आणलेला होता, काही बिलं उंदराने खाल्लेली. होलसेलरकडून दुसरी प्रत मागवली, एकाने दिली, एकाने "बघू" म्हटलं. हिशेबनीस सरांनी सांगितल्याप्रमाणे ४५ हजारांचा सेटऑफ बसला. फॉर्म मुदतीत गेला.

घरमालक करारावर सही करेना. त्याला वाटलं त्याच्यावरच कर बसणार. त्याला समजावण्यात जेवढा वेळ गेला तेवढा पोर्टलवर गेला नाही. अर्ज बुधवारी टाकला, शुक्रवारी नंबर आला. पासवर्ड माझा, मोबाइल माझा. चिंचोके दादा, तुमचं नाव घेऊनच सेट केला.

कॉन्ट्रॅक्टरला पहिलं बिल ६२,००० अधिक कराचं गेलं. १२ तारखेला रात्री चढवलं. त्याचा फोन १४ला नाही आला, १३लाच आला, "दिसतंय" म्हणाला. पैसे मात्र पंधरा दिवसांत म्हणाला होता, आज एकोणीसावा दिवस.

वायरमनांचा भाव वाढवलेला नाही, सुट्या मालाचा वाढवलाय. खड्डा किती पडतो ते तिमाहीनंतर इथंच लिहीन.

एक विचारायचं होतं. दुकानाच्या पाटीवर नंबर लिहावा लागतो असं कळलं, म्हणून काल पेंटर बोलावला. १५ अक्षरांचे त्याने १५० घेतले. आता बघतो तर शेवटून दुसऱ्या झेडचा त्याने २ काढलाय. परत बोलावलं तर म्हणतो रंग वाळू द्या, पंचमीनंतर येतो. तोवर असंच राहिलं तर चालतं का?

हिशेबनीस · रविवार, दुपारी ४.३५

पंचमीची वाट बघू नका. काळा मार्कर घ्या आणि २ला वरून एक आडवी रेघ द्या.